पेशी शंभरावर येतात तेव्हा

अंगात पू होत नाही, ही कुणालाही चांगलीच गोष्ट वाटेल. रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात मात्र तिचा अर्थ उलटा असतो. पू म्हणजे जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा खच, त्यातही मुख्यतः न्यूट्रोफिल नावाच्या पेशींचा. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात या पेशी साधारण दोन ते सात हजार असतात. केमोथेरपीनंतर आठवड्या-दहा दिवसांत त्या पाचशेच्या खाली जातात. ल्युकेमियाच्या कडक उपचारांत शंभराच्याही खाली. मग न्यूमोनिया होतो, पण बेडका पडत नाही आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसतो. सलाईनच्या सुईभोवती जंतू वाढतात, पण गळू धरत नाही. लघवीत जंतू सापडतात, पण पूपेशी दिसत नाहीत. १९७५ साली बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या नोंदी बारकाईने तपासल्या, तेव्हा सूज, पू, बेडका ही संसर्गाची पाठ्यपुस्तकातली लक्षणे त्यांच्यात फारच कमी आढळली. भरवशाची अशी एकच खूण उरली होती : ताप.

मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षे काढली. कर्करोगाच्या वॉर्डातून रक्ताच्या बाटल्या यायच्या आणि त्यांच्या पाठोपाठ फोन : 'मॅडम, काही वाढलं का?' वाढले नसेल तर 'नाही' म्हणून फोन ठेवता यायचा. पण निवासी डॉक्टर कोवळा असला की पुढचा प्रश्नही विचारायचा, 'मग कुठलं औषध लावू?' त्याचे उत्तर देणे माझे काम नव्हते. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आल्यावर या विषयावरचे जुने शोधनिबंध मी सालवारीने लावून वाचत गेले. पन्नासहून अधिक वर्षे जगभरातले डॉक्टर या औषधांच्या जोड्या एकमेकींशी लावून पाहत आले आहेत. कुठली जोडी जिंकली हे पुष्कळदा परीक्षकाने गुण कशाला द्यायचे ठरवले होते त्यावरून ठरले, असे मला त्या वाचनात दिसले. त्याचीच ही हकिगत.

सुरुवात वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा गावी होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे संशोधन-रुग्णालय तिथे १९५३ साली उघडले. एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइख हे दोन नामसाधर्म्य असलेले डॉक्टर तिथे ल्युकेमियाच्या मुलांवर एकाच वेळी अनेक औषधे वापरण्याचे, त्या काळी अघोरी वाटणारे प्रयोग करत होते. मुले दोन कारणांनी जात : रक्तस्राव आणि संसर्ग. फ्रायराइखने प्लेटलेट देण्याचा आग्रह धरला आणि रक्तस्राव आटोक्यात येऊ लागला. १९५४ ते १९६३ या दहा वर्षांत तिथे दगावलेल्या तीव्र ल्युकेमियाच्या ४१४ रुग्णांचा हिशेब १९६५ साली प्रसिद्ध झाला. रक्तस्रावाचे मृत्यू घटले होते. संसर्गाचा वाटा मात्र सुमारे ७० टक्के होता.

पुढच्याच वर्षी, १९६६ साली, आला तो या क्षेत्राचा पायाचा निबंध. तीव्र ल्युकेमियाच्या ५२ रुग्णांच्या पेशींची मोजणी आणि त्यांना झालेले संसर्ग एकमेकांसमोर मांडून लेखकांनी दाखवून दिले, की पेशी जितक्या खाली जातात आणि जितके दिवस खाली राहतात, तितका धोका वाढतो. पाचशे आणि शंभर हे आज वॉर्डातल्या प्रत्येक परिचारिकेला तोंडपाठ असलेले आकडे तिथून आले. लेखकांची नावे चार : जेराल्ड बोडी, मोनिका बकली, वाय. एस. साठे आणि एमिल फ्रायराइख. गेल्या साठ वर्षांत हा निबंध हजारो वेळा उद्धृत झाला आहे आणि दर वेळी बोडीच्या मागोमाग ते साठे नाव छापले जाते. मराठी वाचकाची नजर तिथे क्षणभर थांबतेच.

धोका कधी असतो ते कळले. धोका कुणापासून, तेही कळत होते. मेथिसिलिन आल्यावर स्टॅफिलोकॉकसचा जोर ओसरला आणि त्याच्या जागी एक पाण्यातला जंतू पुढे आला, स्यूडोमोनास एरुजिनोसा. बेसिन, नळाची तोटी, फुलदाणीतले पाणी, कुठेही राहणारा. प्रयोगशाळेत काम केलेल्याला तो बशी उघडताच ओळखू येतो : हिरवट निळसर रंग आणि पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर वास. धडधाकट माणसाच्या तो वाटेलाही जात नाही. न्यूट्रोफिल नसलेल्या माणसाच्या रक्तात शिरला, तर त्या काळात निम्मे रुग्ण तीन दिवसांच्या आत जात.

आणि तीन दिवस हाच आमच्या प्रयोगशाळेचा वेग होता. पहिला दिवस बाटलीत जंतू वाढायला, दुसरा त्याची ओळख पटवायला, तिसरा कुठले औषध लागू पडते ते पाहायला. वैद्यकातली शिस्तही हीच सांगत होती, की आधी जंतू ओळखा, मग औषध द्या. अंदाजाने औषध देणे म्हणजे अडाणीपणा. शिस्त चांगलीच होती. फक्त अहवाल वॉर्डात पोचेपर्यंत खाट रिकामी झालेली असे.

ही शिस्त १९७१ साली बाल्टिमोरच्या कर्करोग संशोधन केंद्रात मोडली गेली. स्टीफन शिम्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले, की पेशी कमी असलेल्या रुग्णाला ताप आला रे आला, की रक्त तपासणीला पाठवायचे आणि उत्तराची वाट न पाहता त्याच क्षणी दोन औषधे सुरू करायची. दोन्ही नवीन होती. जेंटामायसिन १९६३ साली सापडलेले, तर कार्बेनिसिलिन १९६७ साली बाजारात आलेले, स्यूडोमोनासवर चालणारे पहिले पेनिसिलिन. ते दिवसाला तीस-तीस ग्रॅम शिरेतून द्यावे लागे. गंमत म्हणजे रुग्णाच्या शरीरात एकमेकांना मदत करणारी ही दोन औषधे एकाच बाटलीत मिसळली, तर कार्बेनिसिलिन जेंटामायसिनला निकामी करते. म्हणून स्टँडवर दोन बाटल्या टांगाव्या लागत, वेगवेगळ्या.

शिम्फचा अभ्यास आजच्या काटेकोर अर्थाने तुलनात्मक नव्हता. समोर चिठ्ठ्या टाकून निवडलेला दुसरा गट नव्हता. तुलना होती ती जुन्या अनुभवाशी. तरी त्याला कुणी फारसा विरोध केला नाही, कारण फरक डोळ्यांना दिसत होता. 'थांबणे' आणि 'न थांबणे' यांची चाचणी पुन्हा कुणी घेतली नाही, घेऊ शकतही नव्हते. पुढे १९८५ साली बोडीने आपल्याकडच्या स्यूडोमोनासच्या ४१० घटनांचा आढावा घेतला. योग्य औषध लगेच मिळालेल्यांत ७४ टक्के बरे झाले होते. एक-दोन दिवस उशीर झालेल्यांत ४६ टक्के. पुढच्या साऱ्या इतिहासात कुठल्याही दोन औषधांमध्ये एवढी दरी क्वचितच दिसली. घड्याळाने जेवढा फरक पाडला तेवढा नव्या रेणूंनी पाडला नाही, असे मी म्हणते ते या आकड्यांवरून.

इथून पुढे सुरू झाली औषधांची खरी स्पर्धा. अटलांटिकच्या पलीकडे, ब्रुसेल्सच्या ज्यूल बोर्दे संस्थेतल्या जाँ क्लास्तेर्स्की यांच्या पुढाकाराने युरोपातल्या कर्करोग रुग्णालयांचा एक गट उभा राहिला. एका रुग्णालयात असे रुग्ण थोडे. चाचणी घ्यायची तर अनेक देशांनी एकत्र यायला हवे. या गटाची पहिली चाचणी १९७८ साली छापून आली. कार्बेनिसिलिन, जेंटामायसिन आणि सेफॅलोथिन या तिघांच्या तीन जोड्या लावून पाहिल्या होत्या. परिणाम थोडाफार सारखाच. पण सेफॅलोथिन आणि जेंटामायसिन या जोडीने मूत्रपिंडांचे नुकसान जास्त केले. औषध जंतूला किती मारते याबरोबर माणसाला किती मारते, हेही मोजायला हवे, याची ती पहिली ठळक नोंद.

दोन औषधे का, याचे उत्तर तेव्हा तयार होते. जाळे रुंद होते, दोघांचा मारा एकमेकाला पूरक ठरतो, आणि जंतूला एकाच वेळी दोघांना चकवणे अवघड जाते. शेवटचे कारण कागदावर तर इतके पटण्यासारखे आहे की त्यावर शंका घेणेही पाप वाटावे. जेंटामायसिन, अमिकासिन यांच्या कुळातली औषधे मूत्रपिंड आणि कान दोन्ही बिघडवतात, ही त्याची किंमत. कर्करोगावरची सिस्प्लॅटिनसारखी औषधेही नेमकी हीच दोन इंद्रिये बिघडवतात.

मग १९८०च्या दशकात सेफ्टाझिडिम आले. स्यूडोमोनासवर एकट्याने चालणारे, मूत्रपिंडाला सौम्य. बेथेस्डाच्या फिलिप पिझो यांनी १९८६ साली ५५० ज्वरप्रसंगांची चाचणी प्रसिद्ध केली : एकीकडे एकटे सेफ्टाझिडिम, दुसरीकडे तीन औषधांचा जुना काढा. दोन्हीकडे निकाल बरोबरीचा. दहापैकी नऊहून अधिक रुग्ण सुखरूप बाहेर पडले. पुढच्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, युरोपीय गटाचा निकाल आला तो याच्या अगदी उलट. ८७२ ज्वरप्रसंगांतून त्यांनी ग्रॅम-निगेटिव्ह जंतू रक्तात सापडलेले १२९ वेगळे काढले. सेफ्टाझिडिमबरोबर अमिकासिन पूर्ण मुदतभर दिले तेव्हा ८१ टक्के यश. तीनच दिवस देऊन थांबवले तेव्हा ४८ टक्के. म्हणजे जोडीदार हवाच.

दोन्ही निबंध मी शेजारी शेजारी ठेवून वाचले, तेव्हा गोंधळ उलगडला तो आकड्यांच्या कोष्टकात नव्हे, 'पद्धती' या कंटाळवाण्या परिच्छेदात. पिझो यांचा प्रश्न होता : पेशी परत येईपर्यंत रुग्ण जगला का? मध्ये औषध बदलले, नवीन जोडले, तरी चालेल. दोन्ही गटांत तशी मुभा होती आणि सेफ्टाझिडिमवाल्यांत ती पुष्कळ वेळा वापरली गेली. युरोपचा प्रश्न होता : दिलेले औषध न बदलता ताप गेला का? बदलले की नापास. पिझो रुग्णाला गुण देत होते, युरोपीय गट औषधाला. म्हणूनच १९९६ साली याच गटाने एकटे मेरोपेनेम आणि सेफ्टाझिडिम-अमिकासिनची जोडी यांची ९५८ ज्वरप्रसंगांत तुलना केली, तेव्हा यशाचे आकडे ५६ आणि ५२ टक्के आले. वर्तमानपत्रात हे छापले तर वाचक म्हणेल, निम्मे मेले की काय! तसे मुळीच नव्हते. चव्वेचाळीस टक्क्यांत बहुतेक वेळा एवढेच घडले होते, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टरचा धीर सुटला आणि त्याने औषध बदलले.

आणि डॉक्टरचा धीर कधी सुटतो? रुग्ण कुठल्या औषधावर आहे हे त्याला माहीत असते तेव्हा लवकर सुटतो. यातल्या बहुसंख्य चाचण्या उघड्या होत्या. 'याला एकच औषध चालू आहे' हे माहीत असलेला डॉक्टर रात्री दोन वाजता १०२ ताप पाहून काय करेल, हे सांगायला शोधनिबंध नको. म्हणजे ज्याला आपण औषधाचे अपयश म्हणून मोजले, त्यात डॉक्टरच्या भीतीचाही भाग होता.

हे सगळे ज्यांना सर्वांत आधी खुपले ते इस्राएलमधल्या पेताह तिक्वा येथील लिओनार्ड लाइबोविची आणि मिकाल पॉल. त्यांचा आग्रह साधा होता : या चाचण्यांमध्ये मृत्यू मोजा. मृत्यूबाबत डॉक्टरची समजूत आड येत नाही. २००३ साली त्यांनी एक औषध विरुद्ध जोडी अशा ४७ चाचण्यांची, ७८०७ रुग्णांची बेरीज मांडली. जोडीने मृत्यू कमी होत नव्हते; एकट्या औषधाकडेच थोडा कल होता. मूत्रपिंडाचा त्रास मात्र जोडीत स्पष्ट जास्त. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. अनेक चाचण्यांत एकीकडे नवे, रुंद पल्ल्याचे औषध एकटे आणि दुसरीकडे जुने, अरुंद औषध अमिकासिनच्या जोडीने, अशी मांडणी होती. ही 'एक की दोन' याची तुलना कशी होईल? नव्या पैलवानाला जुन्या पैलवानाशी लढवायचे आणि निष्कर्ष काढायचा तो लंगोटाच्या रंगावर.

याच मृत्यूमोजणीतून २००७ साली एक वाद पेटला. सेफेपिम हे तेव्हाचे लाडके औषध. ५७ चाचण्या जोडून पॉल-लाइबोविची यांच्या गटाने दाखवले, की इतर समकक्ष औषधांच्या तुलनेत सेफेपिम घेणाऱ्यांत मृत्यूंचे प्रमाण सव्वापट आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तातडीने जाहीर सूचना काढली. मग कंपनीकडची आणखी माहिती मागवून ८८ चाचण्यांची स्वतः बेरीज केली आणि २००९ साली निर्वाळा दिला, की मृत्यू वाढल्याचे दिसत नाही. त्या दोन वर्षांत डॉक्टरांनी काय करायचे होते? काहींनी सेफेपिम बंद केले, काहींनी चालू ठेवले. सेफेपिम आजही मार्गदर्शिकांत आहे. या प्रकरणात कोण बरोबर होते यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते असे, की औषध बाजारात येऊन दहा वर्षे झाली तरी 'त्यावर माणसे जास्त मरतात का' हा प्रश्न कुणी बेरीज करून विचारला नव्हता. ताप किती दिवसांत उतरला, ते सगळ्यांकडे लिहिलेले होते.

तापाचा हा मोह व्हँकोमायसिनच्या बाबतीत आणखी उघडा पडला. १९८०च्या दशकात छातीतल्या मोठ्या शिरेत महिनोन्महिने नळी ठेवण्याची पद्धत रुळली आणि त्या नळीवर त्वचेवरचे ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू वस्ती करू लागले. त्यांच्यावर व्हँकोमायसिन हमखास चालते, मग पहिल्याच दिवसापासून का देऊ नये? १९९१ साली युरोप आणि कॅनडाच्या ७४७ रुग्णांच्या चाचणीने उत्तर दिले. ते दिल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. हे जंतू रक्तात असूनही सुरुवातीला व्हँकोमायसिन न मिळालेल्यांपैकी पहिल्या तीन दिवसांत कुणी दगावले नव्हते. स्यूडोमोनास जो वेळ देत नाही तो हे जंतू देतात, अहवालाची वाट पाहता येते. २००३ साली आणखी एक पाऊल पुढे जाऊन, दोन-अडीच दिवस औषध देऊनही ताप न उतरलेल्यांना चिठ्ठी टाकून व्हँकोमायसिन किंवा नुसते सलाईनचे पाणी दिले गेले. कुठल्या बाटलीत काय, हे डॉक्टरलाही ठाऊक नव्हते. ताप दोन्हीकडे सारख्याच गतीने उतरला. त्या चाचणीआधी किती वॉर्डांत 'व्हँको लावलं आणि उतरला' असे अभिमानाने सांगितले गेले असेल!

औषध सुरू करण्याइतकाच ते कधी थांबवायचे हा प्रश्न जुना आहे. १९७९ साली पिझो यांनी एक छोटी चाचणी केली. सातव्या दिवशी ताप गेलेला, कारण सापडलेले नाही, पण पेशी अजून वर आलेल्या नाहीत, असे ३३ रुग्ण. सोळांचे औषध चालू ठेवले, सतरांचे बंद केले. बंद केलेल्या सतरांपैकी सातांना पुन्हा संसर्ग झाला, दोघे दगावले. चालू ठेवलेल्यांत एकालाही नाही. या दोन मृत्यूंनी पुढची चाळीस वर्षे घडवली. पेशी पाचशेवर येईपर्यंत औषध थांबवायचे नाही हा नियम झाला, आणि जगभरातल्या लाखो रुग्णांना ताप गेल्यावरही आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस शिरेतून औषध जात राहिले. २०१७ साली स्पेनमधल्या सहा रुग्णालयांनी हा नियम पुन्हा तपासला. १५७ रुग्ण, एका गटात जुना नियम, दुसऱ्यात ७२ तास ताप नसला आणि रुग्णाची तब्येत सावरली की औषध बंद, पेशी कितीही असोत. औषधाविना गेलेले दिवस वाढले, मृत्यू वाढले नाहीत. पिझो चुकले होते असा याचा अर्थ नाही. १९७९चा तो वॉर्ड, ती औषधे, निदानाची ती साधने आज राहिलेली नाहीत. सतरा माणसांवर उभा राहिलेला नियम चाळीस वर्षे कुणी हलवून पाहिला नाही, याचे मात्र मला नवल वाटते.

सगळे तापकरी सारखे नसतात, हे कळायलाही बरीच वर्षे गेली. १९९९ साली एकाच अंकात दोन चाचण्या आल्या, एक अमेरिकेची, एक युरोपची. कमी धोक्याच्या रुग्णांना सिप्रोफ्लॉक्सासिन आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट या तोंडाने घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि त्या शिरेतल्या औषधाइतक्याच चालल्या. कमी धोक्याचा कोण, हे ठरवायला क्लास्तेर्स्की यांनीच २००० साली ११३९ रुग्णांवरून गुणतक्ता बनवला : २६ पैकी २१ किंवा अधिक गुण मिळाले तर धोका कमी. साठीच्या आतले वय, चांगला रक्तदाब, दमा-खोकल्याचा जुना आजार नसणे, असे मुद्दे. सगळे खाटेशेजारी उभे राहून ठरवता येणारे.

पण घरी सोडण्यासाठी अमेरिकेच्या मार्गदर्शिकेत आणखी अटी आहेत. घर रुग्णालयापासून एका तासाच्या किंवा ३० मैलांच्या आत हवे. चोवीस तास सोबत माणूस हवा, फोन हवा, वाहन हवे. परळच्या टाटा रुग्णालयात १९४१पासून येणारा रुग्ण कुठून येतो? नांदेडहून, गडचिरोलीहून, बिहार-बंगालमधूनही. त्याचे जवळचे घर म्हणजे दादरची गाडगेमहाराज धर्मशाळा, तिथे जागा मिळाली तर, नाहीतर फूटपाथ. ही कुटुंबे मुंबईत महिनोन्महिने का राहतात याला अनेक कारणे आहेत. त्यातले एक हे, की ताप आल्यावर पहिल्या तासात औषध मिळण्याइतके जवळ असावे लागते. गुणतक्त्यात २४ गुण मिळवणारा तरुणसुद्धा गावी परत गेला की जास्त धोक्याचा होतो. क्लास्तेर्स्कींच्या तक्त्यात अंतराला गुण नाहीत.

दुसरा फरक जंतूंचा. बाहेरच्या चाचण्यांतल्या सेफेपिम, मेरोपेनेमच्या यशामागे एक गृहीत असते, की जंतू त्या औषधाला दाद देतो. २००९च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कार्बापेनेम कुळातल्या औषधांना दाद न देणारे आतड्यांतले २४ जंतू सापडले. त्यातल्या २२ जणांकडे एनडीएम-१ हे विकर होते. ही नोंद भारतीय वैद्यकीय नियतकालिकात मार्च २०१०मध्ये छापून आली. त्यावर फार कुणी बोलले नाही. ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट'च्या भावंड नियतकालिकात त्याच विकराचा लेख आला तेव्हा मात्र संसदेपर्यंत गदारोळ झाला, तोही मुख्यतः नावातल्या 'न्यू दिल्ली' या शब्दांवरून. आम्ही प्रयोगशाळेतली माणसे वर्तमानपत्रातला तो वाद वाचत होतो आणि समोरच्या बशीत मेरोपेनेमच्या चकतीला अगदी चिकटून जंतू वाढलेला पाहत होतो. चकतीभोवती मोकळे वर्तुळ दिसायला हवे, ते नव्हतेच.

मग जुनी पेटी उघडली गेली. १९४०च्या दशकाअखेर जपानमध्ये सापडलेले कोलिस्टिन, मूत्रपिंड बिघडवते म्हणून १९७०च्या दशकात अडगळीत टाकलेले, तेच शेवटचे औषध झाले. त्याला मेरोपेनेमची जोड द्यावी का? पुन्हा तोच 'एक की दोन'चा प्रश्न, आणि पुन्हा मिकाल पॉलच. इस्राएल, ग्रीस, इटलीतल्या ४०६ रुग्णांच्या चाचणीत २०१८ साली जोडीचा फायदा दिसला नाही. त्या रुग्णांतले बहुतेक संसर्ग असिनेटोबॅक्टरचे होते. आपल्याकडच्या क्लेब्सिएलाला तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. तो लावला जातो, ही वेगळी गोष्ट.

याच सुमारास छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, वोक्हार्ट संशोधन केंद्रात एक जोडी तयार होत होती. झिडेबॅक्टम नावाचा नवा रेणू, आणि त्याचा जोडीदार कोण, तर दहा वर्षांपूर्वी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले सेफेपिम. झिडेबॅक्टम जंतूच्या भिंतीच्या एका वेगळ्या जागी घाव घालते आणि सेफेपिमला वाट करून देते. एनडीएम असलेल्या जंतूंवरही ही जोडी चालते. पण ती इतर औषधांपेक्षा किती चांगली, हे पेशी शंभरावर आलेल्या रुग्णांतच पाहायला हवे. नव्या औषधांच्या मान्यतेसाठीच्या चाचण्या बहुधा मूत्रमार्गाच्या संसर्गांवर घेतल्या जातात. तिथे न्यूट्रोफिल शाबूत असतात आणि निम्मे काम तेच करतात.

तोवर वॉर्डात जे वापरतात ते असे : एनडीएम विकराला अझट्रिओनाम मोडता येत नाही, पण त्याच जंतूकडची दुसरी विकरे ते मोडतात, त्या दुसऱ्यांना अडवायला अविबॅक्टम. अविबॅक्टम आधी मिळत असे ते सेफ्टाझिडिमच्या कुपीतच. इटली आणि ग्रीसमधल्या रक्तसंसर्गाच्या १०२ रुग्णांच्या निरीक्षणात, २०२१ साली, या योजनेवरच्या रुग्णांत तीस दिवसांतले मृत्यू १९ टक्के होते, इतर औषधांवरच्यांत ४४. चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, त्यामुळे आकड्याला जरा हात राखूनच धरायला हवे. पण मोजले ते मृत्यूच होते. अझट्रिओनाम आणि अविबॅक्टम यांची एकत्र कुपी युरोपात २०२४ साली मंजूर झाली. ती हाताशी नसेल तिथे दोन्ही औषधे एकाच वेळी जावी लागतात, एकामागून एक नाही. परिचारिका स्टँडवर दोन बाटल्या टांगते, वेगवेगळ्या, आणि दोन्हींची चावी एकदमच सोडते.